झडीच्या दिवसांत दाढीचा साबण कसा ठेवायचा

मृग लागला की घरोघरी दाढीच्या डबीची एकच गत होते. झाकण उघडलं तर आत साबणाचा शिरा झालेला असतो. तळाशी गिळगिळीत, वर पांढरट थर, वास कोंदट, आणि पोळ्यापर्यंत चालायला हवी ती वडी आषाढातच संपलेली. मग कुणी डबी आणखी घट्ट बंद करतो, तर कुणी झाकण फेकून वडी न्हाणीच्या भिंतीवर उघडी टाकतो. दोन्ही उपाय आपापल्या वेळी बरोबर आहेत. लोक फक्त ते उलट क्रमानं करतात.

साबण वाळवणं आणि साबण ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. वाळवायला वारा लागतो, ठेवायला झाकण लागतं. दोन्ही एकाच डबीत, एकाच वेळी उरकायला गेलं की साबण सडतो. खालचे सगळे टप्पे एवढ्यासाठीच आहेत. ते कडक साबणाचे आहेत, म्हणजे गोल वडी आणि कांडी. ट्यूबमधल्या क्रीमला यातलं काही लागत नाही. तिचं टोपण लावलं की काम झालं.

## सुरुवात करण्याआधी: साबण कोणता आहे ते पाहा

अंगाचा साबण बहुतेक कॉस्टिक सोड्यावर बनतो. दाढीच्या साबणात त्याच्या जोडीला पोटॅश असतं, स्टिअरिक आम्ल जास्त असतं आणि ग्लिसरीन राखलेलं असतं. म्हणून त्याचा फेस दाट होतो आणि लवकर बसत नाही. पण पोटॅशचा साबण मुळातच मऊ असतो, आणि ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं. अंगाची वडी जिथे आठवडाभर ठणठणीत राहते, तिथे दाढीची वडी दोन दिवसांत घाम सोडते. साबण खराब निघाला असं समजून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका; त्याचा स्वभावच तो आहे.

पांढरी, अपारदर्शक, नखानं सहज न खरवडणारी वडी सगळ्यात सोशीक. आरपार दिसणारी ग्लिसरीनची वडी सगळ्यात नाजूक. ती पावसाळ्यात थेंब धरते आणि मे महिन्यात तापलेल्या टिनाखाली मऊ पडते. कांडी वडीसारखीच असते, पण तिचं फक्त टोक भिजतं, म्हणून सांभाळायला सोपी.

खेड्यात बरेच जण अंगाच्या साबणावरच दाढी उरकतात. चालतं, फेस कमी येतो इतकंच. कपड्याच्या साबणावर मात्र करू नका, तो कातडीला फार जहाल पडतो.

## टप्पा १: भांडं निवडा

दोन वस्तू लागतात: वडी बसेल अशी वाटी आणि वडी पूर्ण वाळल्यावर झाकून ठेवायला डबी. वाटीलाच झाकण असेल तर एकातही भागतं, पण ते झाकण वेगळं निघणारं हवं, बिजागरीचं नको. बिजागरीची साबणदाणी प्रवासापुरती ठीक. घरी ती अर्धवट उघडी राहते, आत वारा जात नाही आणि पाणीही निथळत नाही.

स्टीलची वाटी, चिनी मातीचा पेला, जाड काच किंवा जाड प्लास्टिक, यातलं काहीही घ्या. वाटीचं तोंड वडीपेक्षा बोटभर रुंद हवं. अगदी बरोबर मापाच्या वाटीत वडीच्या कडेनं पाणी उतरतं आणि तिथेच अडकून बसतं.

काय घेऊ नये, हे जास्त महत्त्वाचं आहे:

- अॅल्युमिनियमची डबी. साबण क्षारधर्मी असतो. ओला साबण अॅल्युमिनियमला खातो, धातू काळा पडतो आणि तो काळेपणा वडीला लागतो.
- लोखंडी पत्र्याचा जुना डबा. गंज साबणातल्या तेलाला लवकर खवट करतो.
- तांबं आणि पितळ. इथेही तेच, वर हिरवट डाग मिळतात.
- कच्च्या लाकडाची वाटी. दिसायला छान, पण पावसाळ्यात लाकूडच बुरशी धरतं.

सावधान: फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा, त्याचं झाकण किंवा माप साबणासाठी वापरू नका. कितीही धुतलं तरी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विष श्वासातून आणि कातडीतून अंगात गेलं होतं. दाढी करताना कातडीला बारीक चिरा पडतात. त्याच जागी आपण साबण चोळतो. साबणाची डबी औषधाच्या फळीवरही ठेवू नका.

## टप्पा २: वडी वाटीत बसवा

नवी वडी कागदातून काढून तशीच वाटीत टाकली की ब्रश फिरवताना ती गरगर फिरते. वडीखाली पाणी शिरतं, ते दिसत नाही, आणि सडायला सुरुवात खालूनच होते. वडी वरून कोरडी आणि तळाला लोण्यासारखी, असं ज्यांचं होतं त्यांच्याकडे हेच झालेलं असतं.

वडी बसवायची पद्धत अशी. वाटी कोरडी पुसून घ्या. वडीच्या खालच्या बाजूला कोमट पाण्याचे तीन-चार थेंब लावून बोटानं चोळा, बाजू थोडी चिकट होईल. ती बाजू वाटीच्या तळाला लावून तळव्यानं दाबा आणि अर्धा फेरा द्या. मग वाटी रात्रभर उघडी ठेवा. सकाळी वाटी उलटी केली तर वडी पडायला नको.

वडी वाटीपेक्षा मोठी असेल तर किसणीवर किसा, कीस वाटीत थोडा थोडा टाकून अंगठ्यानं दाबत जा. कीस फार कोरडा वाटला तर हात ओला करून दाबा, वरून पाणी ओतू नका. हे काम फाल्गुन-चैत्रात करा. झडीच्या दिवसांत किसलेला साबण आठवडा आठवडा आवळत नाही. वाटीच्या काठापासून बोटभर जागा रिकामी सोडा, नाहीतर फेस बाहेर सांडत राहील. किसणी नंतर गरम पाण्यानं नीट धुवा. दुसऱ्या दिवशी त्यावर गाजर किसलं जाणार असतं आणि त्याचं बोलणं तुम्हालाच खावं लागेल.

तपासा: वडी बोटानं हलवून पाहा. हलली तर पुन्हा बसवा. हलणाऱ्या वडीवर पुढचे टप्पे करून काही उपयोग नाही.

## टप्पा ३: दाढी करताना पाणी आवरा

साठवणीचा निम्मा प्रश्न दाढी करतानाच सुटतो. एका दाढीला साबण साधारण एक ग्रॅमच्या आतबाहेर लागतो. बाकी जो जातो तो पाण्याबरोबर मोरीत जातो.

ब्रश गडव्यात भिजवा, मग दोन-तीनदा झटका. ब्रशमधून पाणी टपकत असेल तर तो अजून वडीवर न्यायचा नाही. वडीवर हलक्या हातानं वीस-तीस फेरे पुरतात. ब्रशच्या टोकावर दाट, जवळजवळ मलईसारखा थर आला की वाटी बाजूला ठेवा. फेस गालावर करा किंवा वेगळ्या वाटीत करा, वडीच्या वाटीत करू नका. फेस फुलवायला पाणी लागतं, आणि वडीवरच फेस फुलवणारा माणूस रोज वडीला आंघोळ घालत असतो.

हिवाळ्यात वडी फार कडक झाली तर वर कोमट पाण्याचा एक छोटा चमचा टाका. दोन-तीन मिनिटांनी ते पाणी गालावर ओतून चोळा. त्यात साबण उतरलेला असतो, दाढीचे खुंट मऊ पडतात. पावसाळ्यात ही युक्ती विसरून जा. साबण आधीच मऊ असतो.

कांडीवाल्यांना आणखी सोपं. दाढी भिजवा, कोरडी कांडी गालावर घासा आणि मग ओला ब्रश फिरवा. कांडी पाण्यात बुडवायची गरजच नाही.

## टप्पा ४: दाढी संपली, आता पहिली पाच मिनिटं

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, कारण शाळा, बस, शेत, काहीतरी गाठायचं असतं. फेसासकट झाकण लावलं जातं आणि डबी कोनाड्यात जाते. त्या फेसात पाणी असतं, कापलेले खुंट असतात, मेलेली कातडी असते. साबणाला सहसा बुरशी लागत नाही, पण या घाणीला लागते, आणि साबण तिच्याबरोबर जातो.

क्रम असा ठेवा.

वडीवरचा फेस आधी ब्रशनंच उचलून घ्या. तो शेवटच्या हाताला वापरता येतो. मग वडीवर थंड पाण्याची एक चूळ, फक्त एक, फिरवून टाका. गरम पाणी नको, त्यानं वरचा थर विरघळतो. वाटी उलटी करून दोनदा हलकेच आपटा. वाटीची आतली कड आणि तळाची किनार बोटात फडकं धरून पुसा. वडीचा वरचा भाग पुसू नका. फडक्याला साबण लागतो आणि फडक्याचे धागे वडीला लागतात.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या त्या भागात, इथे एक जास्तीचं काम आहे. विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारं आणि जड असतं. त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा पांढरा थर करतं. तो वडीवर बसला की दुसऱ्या दिवशी फेस येत नाही, माणूस जास्त जोरानं घासतो आणि वडी झिजते. अशा गावात शेवटची चूळ आरओच्या कॅनमधल्या पाण्याची द्या. चार चमचे पुरतात. पावसाचं स्वच्छ धरलेलं पाणी असेल तर आणखी चांगलं. शक्य असेल तर ब्रशही त्याच पाण्यात भिजवा, फेसातला फरक पहिल्याच दिवशी कळेल. तीळ-तीळ साबण वाचवायच्या नादात जड पाण्यात ब्रश घासत बसण्यापेक्षा हे परवडतं. पाणी उकळून मात्र पूर्ण उपाय होत नाही, जडपणाचा काही भाग उकळूनही तसाच राहतो.

तपासा: वाटी तिरपी धरा. तळाला पाण्याची रेघ हलताना दिसली तर अजून निथळलेलं नाही.

## टप्पा ५: वाळवा

जागा निवडताना तीन गोष्टी पाहा: सावली, हलता वारा, आणि पाण्याचे शिंतोडे न पोचणारी उंची.

न्हाणी या तिन्हीत नापास होते. दुपारी चारपर्यंत घरातली सगळी माणसं तिथे आंघोळ उरकतात, धुणं होतं, भिंती ओल्या राहतात. आरशाजवळची खिडकी सोयीची वाटते खरी, पण साबण तिथे ठेवू नका. ओसरीतला कोनाडा बरा. कवेलूच्या घरात आढ्याखालची फळी उत्तम, वारा तिथे सतत असतो. टिनाचं घर असेल तर उन्हाळ्यात टिनापासून लांब, कमरेच्या उंचीवर ठेवा.

वाटी आडवी कलती करून ठेवायची, पूर्ण उलटी नाही. पूर्ण उलटी ठेवली की तोंड जमिनीला टेकतं आणि आतली हवा कोंडते. वाटीच्या एका कडेखाली लाकडाची चिपटी सरकवली की झालं.

उन्हात वाळवण्याचा मोह सोडा. उन्हानं वरची साल झटक्यात आवळते, आतला ओलावा तसाच राहतो आणि वडीला भेगा पडतात. त्या भेगांत पुढच्या दिवशी पाणी शिरतं. शिवाय सुगंध उडतो आणि तेल लवकर खवट होतं. चुलीवरच्या फळीवर ठेवला तर वाळतो, पण धूर धरतो. ज्याला धुराच्या वासाची दाढी चालते त्यानं खुशाल ठेवावा.

उघडा साबण म्हणजे उंदराला आमंत्रण. साबणात चरबी किंवा तेल असतं आणि उंदीर तो मिटक्या मारत कुरतडतो. विहिरीवर किंवा सांदवाडीत ठेवलेला साबण कावळा उचलून नेतो, हे सांगायला नको. वाळताना वाटीवर पिठाची जुनी चाळणी पालथी घाला आणि वर एक दगड ठेवा. वारा जातो, तोंड जात नाही.

किती वेळ लागतो? मे महिन्यात पंख्याखाली तासाभरात वडी हाताला कोरडी लागते. पौषात दुपार होते. झड लागलेली असेल तर दुसऱ्या दिवशीही वाळत नाही, आणि त्याचं वेगळं गणित पुढे आहे.

तपासा: बोटाची मागची बाजू, म्हणजे नखाच्या वरची, वडीला लावा. बोटाच्या पुढच्या बाजूला राठ कातडीमुळे ओल कळत नाही. बोट चिकटलं नाही, थंड लागलं नाही आणि सरकताना किंचित अडखळलं, की साबण वाळला.

## टप्पा ६: आता झाकण

वाळलेला साबण उघडा ठेवायचा नाही. धूळ बसते, उंदीर येतो, आणि पावसाळ्यात ग्लिसरीन रात्रभर हवेतलं पाणी पीत राहतं. उन्हाळ्यात उलटं होतं: कोरडी हवा वडीतला लागेल तेवढाही ओलावा काढून घेते आणि वडी तडकते. दोन्ही वेळा उत्तर एकच, वाळल्यावर घट्ट झाकण.

सकाळी दाढी, दिवसभर वाळवण, संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी झाकण. ही सवय लागली की डबीकडे वेगळं लक्ष द्यावं लागत नाही.

कूलरचं ध्यानात ठेवा. नवतप्यात बाहेरची हवा भट्टीसारखी कोरडी असली तरी कूलरच्या खोलीत हवा दमट असते. कूलरच्या तोंडासमोर ठेवलेली वडी वाळण्याऐवजी ओली होते. उन्हाळ्यात साबण कूलर नसलेल्या खोलीत वाळवा.

## झड लागल्यावर

गडचिरोली, गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूरकडे आषाढ-श्रावणात चार-चार दिवस ऊन दिसत नाही. विदर्भाच्या पश्चिमेकडे पाऊस कमी, पण झडीच्या आठवड्यात सगळीकडे सारखंच. हवाच पाण्यानं भरलेली असते, मग कुठेही ठेवा, साबण वाळत नाही. या दिवसांत रोज तीच वडी भिजवायची आणि वाळायची वाट पाहायची, हा हट्टच सोडा.

सगळ्यात कामाचा उपाय म्हणजे वडी कापा. मृगाच्या आधी, हवा कोरडी असताना, सुरी गरम पाण्यात धरून पुसा आणि वडीचे चार तुकडे करा. वाटीत आधीच बसवलेली असेल तर खालून सुरी फिरवून सोडवून घ्या. एक तुकडा वापरायला काढा. बाकी तीन कागदात वेगवेगळे गुंडाळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. वापरातला तुकडा सडला तरी पाव वडीच जाते, आणि लहान तुकडा वाळतोही लवकर. तुकडा लहान वाटीत बसवा किंवा सरळ कांडीसारखा गालावर घासा. मी पावसाळ्यात दुसरं काही सुचवतच नाही.

दुसरा उपाय दोन तुकडे आलटून पालटून वापरण्याचा. आज एक, उद्या दुसरा, म्हणजे प्रत्येकाला वाळायला दोन दिवस मिळतात. एक दिवसाआड दाढी करणाऱ्याला हे आपोआपच मिळतं.

बरणीत ओल धरू नये म्हणून औषधाच्या किंवा बुटाच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकता येतात. त्या आधी पुन्हा कोरड्या कराव्या लागतात, भिजलेली पुडी काही ओढत नाही. मुलांच्या हाती लागणार नाहीत असं पाहा. कोरडे तांदूळही लोक टाकतात. नुकसान नाही, फायदाही फार नाही.

सावधान: ओल ओढतो म्हणून कळीचा चुना बरणीत टाकू नका. तो पाण्यानं तापतो, कातडी आणि डोळे भाजतो. त्याची पूड साबणावर पडली आणि ती गालावर गेली तर त्या दिवशीची दाढी डॉक्टरकडेच संपेल.

बरणी कुठे ठेवायची? धान्याच्या कोठीजवळ नको, ज्वारी-तुरीला साबणाचा वास लागतो. ट्रंकेत कपड्यांबरोबर ठेवायची असेल तर डांबरगोळ्या वेगळ्या कप्प्यात हव्यात, नाहीतर साबणाला त्यांचा वास लागतो आणि तो जात नाही.

## टप्पा ७: ब्रश, पातं आणि तुरटी वेगळी ठेवा

सगळं एकाच डब्यात कोंबायची आपली सवय आहे. दाढीच्या सामानात ती महाग पडते.

ओला ब्रश वडीवर टेकवून डबी बंद केली की ब्रशचं पाणी रात्रभर वडीत झिरपतं. ब्रश धुवा, पिळू नका, झटका, आणि केस खाली करून खिळ्याला दोरीनं टांगा. उभा ठेवला तरी चालतो, बंद डब्यात मात्र नको.

पातं साबणाजवळ ठेवलं की ओलाव्यानं गंजतं आणि गंजाचा डाग वडीवर उतरतो. रेझर सैल करून पातं धुवा, झटका, कोरडं ठेवा.

तुरटीचं बहुतेकांना माहीत नसतं. तुरटी पाण्यात आम्लधर्मी असते, साबण क्षारधर्मी. दोघं भेटले की साबण फुटतो आणि चिकट पांढरा गाळ राहतो. वडीच्या वाटीत तुरटीचा खडा ठेवला तर फेस येणं बंद होतं आणि माणूस साबणाला शिव्या देतो. तुरटी फिरवलेला हात धुतल्याशिवाय वडीला लावू नका. तुरटी लावलेल्या गालावर पुन्हा फेस लावायचा असेल तर आधी चेहरा धुवा.

घरात दोन-तीन पुरुष असतील तर वडी एक चालवून घेता येईल, पण ब्रश आणि पातं ज्याचं त्याचं. गालावर गजकर्ण किंवा पुळ्या असतील त्यानं वडीचा तुकडाही वेगळा घ्यावा. पात्यानं रक्त निघतं, आणि रक्तातून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही पसरू शकतो. घरचाच माणूस आहे म्हणून पातं फिरवू नका. सलूनमध्येही नवं पातं डोळ्यांसमोर लावायला सांगा. सलूनवाला भाऊ ओळखीचा आहे म्हणून संकोच करायचं कारण नाही.

## बिघडला असेल तर

वर गिळगिळीत थर. तो फेकू नका. सुरीच्या पाठीनं खरवडून वेगळ्या वाटीत घ्या आणि आजची दाढी त्यावर करा. उरलेली वडी दोन-तीन दिवस उघडी वाळू द्या. त्या दिवसांत दुसरा तुकडा वापरा.

भेगा. उन्हाळ्यात हमखास पडतात. बारीक असतील तर दुर्लक्ष करा. खोल असतील तर वडी कोमट पाण्यानं किंचित ओली करून अंगठ्यानं भेग दाबून बुजवा आणि सावलीत आवळू द्या. वडी दोन तुकड्यांत फुटलीच तर दोन तुकडे म्हणूनच वापरा, जोडत बसण्यात अर्थ नाही.

घामाचे थेंब. ग्लिसरीननं ओढलेलं हवेतलं पाणी आहे. साबण खराब नाही. मऊ कागदानं टिपून घ्या आणि लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत टाका. इथे उघडं वाळवू नका, उघडं ठेवूनच ते थेंब आलेले असतात. झड ओसरली की मग वारा द्या.

नारिंगी-तपकिरी ठिपके. साबणातलं तेल खवट व्हायला लागलं आहे. ठिपके थोडे असतील तर तेवढा भाग कापा. सगळ्या वडीलाच खवट वास येत असेल तर ती हात धुवायला ठेवा, गालाला नको. डबीत लोखंड होतं का ते पाहा.

काळी किंवा हिरवी बुरशी. वरवर असेल तर बोटभर जाडीचा थर कापून टाका आणि वाटी गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. वाटीला ऊन चालतं, साबणाला नाही. बुरशी भेगांतून आत गेली असेल तर वडी टाका. दहा-वीस रुपयांसाठी चेहऱ्यावर प्रयोग नको.

पांढरी भुकटी. नव्या वडीवर असेल तर तो सोड्याचा पातळ थर, एका चुळीत जातो. जुन्या वडीवर, जड पाण्याच्या गावात, असेल तर टप्पा ४ मधली आरओच्या पाण्याची चूळ सुरू करा आणि आहे तो थर सुरीनं खरवडून काढा. पाण्यानं तो निघणार नाही.

## शेवटचा पापुद्रा

वडी झिजून पातळ झाली की ब्रशनं ती तुटते आणि तुकडे मोरीत वाहून जातात. जुना पापुद्रा दोन मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, नव्या वडीचा वरचा भाग ओला करा, पापुद्रा त्यावर दाबून बसवा आणि दोन दिवस सावलीत आवळू द्या. दोन्ही साबण एकाच जातीचे हवेत. ग्लिसरीनचा पापुद्रा पांढऱ्या वडीवर नीट बसत नाही, पहिल्याच दाढीत सुटतो. असे वेगळ्या जातीचे तुकडे एका कोरड्या डबीत जमवत जा, चार-पाच झाले की फेब्रुवारीत किसून एका वाटीत दाबा.